निळ्या पट्टीची गोळी

जान्याला बीपीची गोळी लागून दीड वर्ष झालं होतं, आणि तिच्यासाठी त्याने स्वतःचा एक कायदा करून टाकला होता. कंटेनर असेल त्या दिवशी गोळी. कंटेनर नाही, गोळी नाही. दापोड्याच्या गोडाऊनात वॉशिंग मशिनी पाठीवरून उतरवणारा माणूस तो. अंगाला काम असेल तरच अंगाला खुराक, इतका सरळ हिशोब. त्याच्या टोळीत गोळ्या खाणारे आणखी तिघे होते, त्यांचाही कायदा हाच. त्यात गोळी महाग. रविवारी बसल्या बसल्या खाल्ली तर वाया गेली, असं तो बायकोला अगदी खरेपणाने सांगायचा आणि चंद्राही मान डोलवायची.

दिवाळीत गोडाऊन पाच दिवस बंद राहिलं. पाच दिवस गोळी नाही. सहाव्या दिवशी दोघं अंजूरजवळच्या केसरीनाथशेटच्या खाचरात भात कापायला गेली. शेटच्या बाकीच्या जमिनीवर कधीच गोडाऊनं उठली होती. खाडीकडची तेवढी तीन खाचरं उरली होती. दोघांच्या पाड्यातली बारा घरं शेटच्याच जागेवर होती, म्हणून हंगामात सगळ्यात आधी शेटचं भात कापायचं, मग दुसऱ्याचं, ही रीत. मजुरी मिळायची, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

दहाच्या सुमाराला ऊन चांगलंच चावायला लागलं होतं. जान्याच्या हातातून विळा पडला. त्याने उचलायला हात घातला, तर बोटं विळ्यावर नुसती फिरली, मिटेनात. त्याला विळ्याचाच राग आला. दोनदा, तीनदा प्रयत्न केला आणि चौथ्यांदा शिवी द्यायला गेला तर शिवी तोंडातून अर्धीच बाहेर आली.

"चंद्रे," शेजारी कापणारी ललिता ओरडली, "याचा तोंड बघ. वाकडा झालाय."

तिघी बायकांनी त्याला रिक्षात घातलं. दवाखाना रस्त्यावर, केसरीनाथशेटच्याच बिल्डिंगीत, पहिल्या मजल्यावर. खाली शेटच्या मुलाचं, धनेशचं, मेडिकल. डॉक्टरने पट्टा गुंडाळून हवा भरली आणि आकडा बघून पुन्हा एकदा भरली. दोनशे दहा. गोळी दिली, झोपवून ठेवलं, ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवून डोक्याचा फोटो काढायला लावला. फोटोत डोकं शाबूत निघालं. संध्याकाळपर्यंत बोटंही परत आली, ओठाची एक कड तेवढी खाली राहिली.

"या वेळी इशाऱ्यावर सुटला," दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाला. "पुढच्या वेळी नाही सुटणार. गोळी रोज घ्यायची. काम असो, नसो. मरेपर्यंत रोज. आणि महिनाभर ओझं उचलायचं नाही."

नवा कागद झाला, नवी गोळी झाली. एका गोळीत दोन औषधं, लाल पाकीट. धनेशने दहाची पट्टी काउंटरवर टाकली. एकशे अठ्ठ्याहत्तर रुपये. चंद्राने पट्टी घेतली आणि उलटी करून गोळ्या मोजल्या. दहा दिवसांची ही गोष्ट. मरेपर्यंत, असं डॉक्टर किती सहज बोलला होता.

चंद्रा दापोड्याला औषधांच्या गोडाऊनात पिकर होती. पिकर म्हणजे हातात कागद घेऊन रॅक रॅक फिरायचं, कागदावरचा माल शोधायचा आणि टबात टाकायचा. चंद्रा चौथीपर्यंत शिकलेली, तीही मराठीत. इंग्रजी तिला येत नव्हतं. पण पिकिंगला वाचता यावं लागत नाही, जुळवता यावं लागतं. कागदावरची ओळ आणि खोक्यावरची ओळ, एकेक अक्षराचा आकार, एकेक आकडा, डावीकडून उजवीकडे. शिकलेल्या पोरी नाव वाचतात, पुढचा आकडा बघायचं विसरतात आणि पन्नासच्या जागी पंचवीस उचलतात. चंद्राचा टब सहा वर्षांत एकदाही परत आला नव्हता. सुपरवायझर भूपेश नव्या पोरींना तिच्यामागे फिरवायचा आणि सांगायचा, "मॅडम को देखो, पढ़ती नहीं है, लेकिन गलती भी नहीं करती."

आठवडाभराने, सोमवारी, कागदावर लाल खोकं आलं. घरी उशाशी ठेवलेलंच. तिने सवयीने ओळी जुळवल्या. वर मोठं नाव, खाली बारीक अक्षरांची लांब ओळ, ओळीच्या शेवटी चाळीस आणि पाच. टबात टाकलं आणि पुढे निघाली. तीन रॅक ओलांडून निळं खोकं काढायचं होतं. त्यावर मोठं नाव वेगळं होतं. पण खालची बारीक ओळ बघून चंद्राचा हात थांबला. ही ओळ तिने आत्ताच जुळवली होती.

ती मागे गेली, लाल खोकं काढलं, दोन्ही छातीशी धरली आणि बोटाने एकेक अक्षर जोडत गेली. सगळी ओळ जुळली. चाळीस जुळले, पाच जुळले. खोक्याच्या बाजूला आणखी एक ओळ होती, कारखान्याच्या पत्त्याची. तीही जुळली.

जेवणाच्या सुट्टीत ती निशाकडे गेली. निशा गोडाऊनची फार्मासिस्ट. काचेच्या खोलीत बसायची, पण डबा बायकांच्यात येऊन खायची.

"मॅडम, या दोनीत फरक काय हाय?"

निशाने दोन्ही खोकी पाहिली. "काही नाही. औषध तेच, मात्रा तीच. कारखानाही एकच आहे."

"मंग लालला एकशे अठ्ठ्याहत्तर कनचे?"

"नावाचे. लालवाल्या कंपनीची माणसं बॅगा घेऊन डॉक्टरांकडे फिरतात. त्यांचे पगार, गाड्या, डॉक्टरांच्या मोठ्या हॉटेलातल्या सभा, सगळं त्या पट्टीतून निघतं. निळीसाठी कोणी फिरत नाही. दुकानदाराला ती चौदा रुपयांना पडते."

"आन ही एकशे बारा छापलीय ती?"

"छापायला काय जातंय? चौदा आणि एकशे बाराच्या मधलं जे आहे, ते तू कोणाच्या काउंटरला उभी आहेस त्याच्यावर."

चंद्राने घास खाली ठेवला. निळी खोकी कुठे जातात ते तिला माहीत होतं. मागच्या बेस्तरवारी चार खोकी तिने स्वतः भरली होती, आणि टबावर धनेशच्या दुकानाची चिठ्ठी होती.

"आपल्या मनाने बदलायची नाही हां," निशा म्हणाली. "डॉक्टरकडून आतल्या औषधाचं नाव लिहून घे, मोठ्या अक्षरात. तसं लिहावं असा त्यांचा स्वतःचाच नियम आहे. नाव आणि आकडे जुळले की मग कुठूनही घे. धामणकर नाक्याला जेनेरिकचं दुकान आहे, जनऔषधीचंही आहे. आरोग्य केंद्रात तर असेल तेव्हा फुकट मिळते. बिल मात्र मागून घ्यायचं."

निशाने फाटक्या खोक्याची एक कड कापून दिली, त्या बारीक ओळीची. चंद्राने ती ब्लाउजात ठेवली.

संध्याकाळी ती आधी धनेशकडेच गेली. पाड्याची माणसं धनेशचं दुकान सोडून दुसरीकडे जात नसत. जाणं म्हणजे शेटच्या तोंडावर दार आपटणं. तिला दार आपटायचं नव्हतं. गोळी रोज पोटात जायला हवी होती, एवढंच.

"धनेश, लालच्या जागी निळी दे. आतला औषध तोच हाय."

धनेशने मोबाईलमधून मान वर केली. काउंटरला आणखी दोन गिऱ्हाइकं होती. तो हसला. "आता तू मला औषधं शिकवणार? निळी-बिळी आपण ठेवत नाही. डुप्लिकेट माल असतो तो. खडू."

"ठेवतंस. बेस्तरवारी चार खोकी मीच भरली तुझ्या नावाची."

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. धनेशचं हसू मावळलं. तो काउंटरवर वाकला आणि हळू बोलला, "गोडाऊनच्या गोष्टी बाहेर काढतेस? एक फोन करीन, ड्युटी जाईल. पाच दिवस नवऱ्याला उपाशी ठेवलंस गोळीशिवाय, तेव्हा अक्कल कुठे होती?"

हे शेवटचं तिला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. ती वळली. पण पायऱ्या उतरून रस्त्याला लागायच्या ऐवजी शेजारचा जिना चढली.

डॉक्टरसमोर बसायला नंबर लागेपर्यंत तास गेला. आत गेल्यावर तिने स्टूल ओढलं, जुना कागद टेबलावर ठेवला.

"डॉक्टर, ह्याच्यावर आतल्या औषधाचा नाव लिव. मोठ्या अक्षरात."

"कशासाठी?"

"लाल रोज परवडत न्हाय. स्वस्तातली घेऊ."

"हे बघ, एक तर मला तू म्हणू नकोस."

चंद्राला कळेचना तो काय म्हणतोय. तिच्या बोलीत देवालाही तू आणि कलेक्टर आला तर त्यालाही तूच. तिने कागद आणखी पुढे सरकवला.

"स्वस्त गोळीने काही झालं तर माझ्याकडे यायचं नाही," डॉक्टर म्हणाला. "पुढच्याला पाठव."

"महागाची घेत व्हता तवा पण तुझ्याकडंच आणला ना त्याला? महाग हाय म्हणून रोज घेत नव्हता. रोज न्हाय घेतली म्हणून पडला. तू बोललास मरेपर्यंत. मंग मरेपर्यंत पुरंल अशी लिव."

"बाहेर पेशंट थांबलेत."

"थांबूंदे. लिवशील तवर मी न्हाय उठत."

दारातून दोन-तीन डोकी आत डोकावली. चंद्राने स्टूल काही सोडलं नाही. डॉक्टरने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. माणूस वाईट नव्हता. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. त्याने पेन उघडलं आणि छापील अक्षरांत ओळ लिहिली.

चंद्राने ब्लाउजातून खोक्याची कड काढली. कागदाच्या वर धरली आणि बोट फिरवायला सुरुवात केली. अक्षर, अक्षर, अक्षर. चाळीस. मग बोट थांबलं.

"यो पाच न्हाय लिवलास."

डॉक्टरने कागद ओढून पाहिला. खरंच दुसऱ्या औषधाचा आकडा राहिला होता. त्याचं तोंड लाल झालं. त्याने पाच लिहिला, खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद तिच्या हातात देताना पहिल्यांदाच तिच्या डोळ्यात बघितलं.

धामणकर नाक्याला तिला निळीच मिळाली. बावीस रुपयांना दहा. दुकानदाराने कागद आणि पट्टी दोन्ही तिच्यासमोर ठेवली, तिने जुळवली, त्याने बिल फाडलं. एवढ्याशा गोष्टीसाठी दोन काउंटर आणि एक स्टूल लागलं, याचा तिला शेअर रिक्षात बसल्यावर संताप आला. शेजारचा माणूस सरकून बसला, इतकं ते तोंडावर दिसत होतं.

घरी मोठी अडचण पुढेच बसलेली होती. जान्या.

ती नाक्याला गेली तेवढ्यात धनेश स्कूटर थांबवून त्याला सांगून गेला होता, बायको खडूच्या गोळ्या आणेल, सांभाळ. जान्याने पट्टी तळहातावर ठेवली, हात दोनदा वर-खाली केला.

"हलकी हाय," तो म्हणाला.

"गोळी हाय ती, मशीन न्हाय."

"वीस वरसं पाठीवर माल घेतोय. महागाचा खोका जड लागतो, हलक्याचा हलका. लाल पाकिटाचा कागद कसा जाड हाय. ह्येच्यात काय न्हाय."

"डॉक्टरनी लिवलंय. मॅडम बोलली, कारखाना पण येकच हाय."

"डॉक्टरला तू लिवाय लावलंस. धनेश शिकल्याला हाय, तो कशाला खोटा बोलंल?"

लाल पट्टी दुसऱ्या दिवशी संपली. तिसऱ्या दिवशी त्याने निळी गोळी घेतली नाही. चौथ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी चंद्राने पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर आपटला, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला. डॉक्टरशी भांडता येतं, धनेशशी भांडता येतं. हा घरचा माणूस गोळी समोर असून मरायला निघाला होता. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. आता याचा हात पुन्हा लुळा पडला तर पाडा म्हणणार, चंद्राने स्वस्ताच्या नादात नवरा घालवला. आणि धनेश ते खाली दुकानात बसून सगळ्यांना सांगणार.

त्याच दिवशी शेटच्या शेवटच्या खाचराची कापणी होती. भात पार वाळलं होतं, हात लागला की दाणा गळत होता. आठ बायका ओळीने कापत होत्या. जान्याला ओझं मना होतं म्हणून तो बांधावर बसून पेंढ्यांचे बंध वळत होता. उजवी बोटं अजून सावकाश चालत होती. गोळीविना तिसरा दिवस. चंद्रा दर चार मुठींनी मान वळवून त्याच्या ओठाकडे बघत होती.

नऊ वाजता केसरीनाथशेट बांधावरून आला. पांढरा शर्ट, खिशात रुमाल, सत्तरीचा पण ताठ माणूस. हातात चहाचा थर्मास, बायकांसाठी नव्हे, स्वतःसाठी.

"चंद्रा, इकडं ये."

चंद्रा विळा हातात घेऊनच उभी राहिली. बाकीच्यांचे हात सावकाश झाले.

"माझ्या पोराच्या दुकानावर जाऊन चार माणसांत त्याला चोर बोललीस?"

"चोर न्हाय बोलली. निळी गोळी मांगितली."

"नाक्यावरून औषध आणलास. ललिता पण जाणार बोलतंय. पाडा कोणाच्या जागेवर हाय? तुमच्या सासऱ्याला जागा कोणी दिली? माझ्या बापानी. ते खोटं औषध खाऊन उद्या जान्या मेला तर त्याचा पाप कोणाला? माझ्या जागेत राहायचा तर आमच्या घरातून औषध. न्हायतर दुसरी जागा बघायची."

कोणी कापत नव्हतं आता. ललिता जमिनीकडे बघत होती. घर ही गोष्ट मोठी होती. बारा घरं होती, एक नव्हे.

शेटचं म्हणणं म्हणून झालं होतं. तो बांधावर बसला, थर्मासच्या झाकणात चहा ओतला, न्याहारी घरी झालीच होती. रुमालाबरोबर खिशातून त्याने पट्टी काढली, एक गोळी अंगठ्याने फोडली आणि चहाबरोबर गिळली.

पट्टी निळी होती.

चंद्राने सहा वर्षं रॅकमधून मालच ओळखला होता. दहा हातांवरून तिला तो निळा रंग, ते मोठं नाव दिसलं. पण रंगावर ती कधीच टब भरत नसे. ती धसकटं तुडवत बांधावर चढली.

"शेट, ती पट्टी दाव."

"काय?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. पदराच्या गाठीतून आपली पट्टी सोडली, शेटच्या हातातल्या पट्टीशेजारी धरली आणि बोट फिरवलं. वरचं नाव. बारीक ओळ. चाळीस. पाच. पत्ता. बोट शेवटपर्यंत गेलं.

"येकच हाय," ती म्हणाली. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "शेट खातो ती पण निळी हाय! कोणी दिली रं तुना ही, शेट?"

"धनेश देतो," शेटच्या तोंडून निघून गेलं. "चार वर्षं झाली."

"मंग खडू खातोस तू चार वर्षं? इचार त्याला. फोन लाव. आमच्यासमोर इचार."

शेट उठून जाऊ शकला असता. पण पट्टीकडे बघताना त्याच्या कपाळावर आठी आली होती. चार वर्षं आपण काय गिळतोय, हा प्रश्न आता त्याचाही झाला होता. त्याने फोन लावला. कानाला कमी ऐकू यायचं म्हणून त्याचा फोन नेहमी स्पीकरवरच असायचा.

"धनेश, ही माझी निळी गोळी. असली हाय का डुप्लिकेट?"

"काय झालं बाबा?" दुकानात गिऱ्हाईक असावं, धनेशचा आवाज घाईत होता. "असलीच आहे. एकदम एक नंबर. लाल घ्या नाहीतर ही घ्या, सेम. तुम्हाला मी खोटी देईन काय? बापाला?"

खाचरात वारासुद्धा नव्हता. आठ बायका, आठ विळे, सगळ्यांना शब्द न् शब्द ऐकू गेला. शेटने फोन खाली केला. धनेश आतून हॅलो हॅलो करत होता, ते बंद करायचंही त्याला सुचेना.

"बापाला निळी," चंद्रा म्हणाली, "आमाना लाल."

तिचा आवाज चढला नव्हता. चढवायची गरज नव्हती. "शेट, तुझं भात आमी कापतोच हाव. जागा तुझ्या बापानी दिली, आमच्या सासऱ्यांनी तिथं हाडं झिजवली, त्याचा पण कायतरी असंल. पाडा उठवायचा तर उठव. सोमवारी आमी सगळ्या जणी तुझ्याच बिल्डिंगीत येणार, वर डॉक्टरकडं, येकेकीचा कागद घेऊन. खालून जाताना तुझ्या पोराला रामराम करू."

"मी पण हाय," ललिता म्हणाली. "माझ्या सासूची साखरेची गोळी हाय."

शेट बांधावरून निघाला. दोन पावलं गेला, थांबला. पाठमोराच म्हणाला, "भात गळतंय. कापून घ्या." आवाजात धमकी उरली नव्हती, आणि माफीही नव्हती. थर्मास विसरला होता. परत घ्यायला आला नाही.

बायका वाकल्या. चंद्रा बांधावर उभीच होती.

"चंद्रे."

जान्याने हातातला बंध खाली टाकला होता. उजवा हात तिच्याकडे पसरला होता, बोटं पूर्ण उघडत नव्हती तरी पसरला होता.

"दे ती. आन पानी दे."